नगर वसविण्याचा खेळ : पहिली पुरवणी कोणती?

विंचूरच्या उपबाजार आवारात कांद्याचे लिलाव पाहत वाढलेल्या मुलाला माल शेतातून आवारात, आवारातून गोदामात आणि तेथून परगावी कसा जातो, हे शिकवावे लागत नाही. अशा घरात ‘सिटीज : स्कायलाइन्स’ हा संगणकीय खेळ आला की पुरवण्यांचा हट्टही मागोमाग येतो. फिनलंडच्या ‘कोलोसल ऑर्डर’ने २०१५ मध्ये आणलेला मूळ खेळ स्वयंपूर्ण आहे, पुरवण्या मात्र दहाहून अधिक, आणि प्रत्येकीची किंमत निराळी. सर्व एकदम घेणे म्हणजे गिऱ्हाईक येण्याआधीच दुकान भरणे होय.

एकच घ्यावयाची, तर २०१८ ची ‘इंडस्ट्रीज’ घ्यावी. कच्चा माल, प्रक्रिया, गोदाम, कारखाना आणि विक्री अशी साखळी तीत स्वतः उभारावी लागते. शेतीच्या विभागात कत्तलखान्याचीही इमारत आहे. ती बांधणे सक्तीचे नाही, पिके व पिठाची गिरणी यांवरही हा विभाग चालतो. २०२० च्या ‘सनसेट हार्बर’मध्ये मात्र मासेमारी हा ठळक भाग आहे. तिच्यातील ट्रॉलीबस मोहक असली, तरी जैन घराने ती पुरवणी बाजूला ठेवणेच स्वाभाविक. ‘मास ट्रान्झिट’मधील मोनोरेल व फेरीबोटी नगर मोठे झाल्यावर कामी येतात, आरंभीचे रस्ते चुकले असतील, तर त्याही कोंडी फोडत नाहीत.

पैसे भरण्यापूर्वी घरातील खेळ पहिला की २०२३ चा दुसरा, हे मुलालाच विचारावे. पहिल्याच्या पुरवण्या दुसऱ्यात चालत नाहीत.