फॉरमॅटच्या आधी लॉग वाचा

सर्व्हर सुरू होत नाही म्हटलं की आमच्या आर्णीत पहिला सल्ला ठरलेला: "फॉरमॅट मारा लागन, सर." घरच्या कॉम्प्युटरला तो एकवेळ चालून जातो, आत लग्नाचे फोटो आणि दोन सिनेमे, एवढीच काय ती इस्टेट. डिरेक्टरी सर्व्हरला मात्र हा उपाय लावणं म्हणजे शुद्ध नासधूस.

डिरेक्टरी सर्व्हर म्हणजे संस्थेचं दाखलखारीज रजिस्टर. कोण आपलं, कोणाचा पासवर्ड कोणता, कोणाला कुठवर जाता येतं, हे सगळं त्यात. पवईच्या आयआयटीत विद्यार्थी आपल्या लॉगिनला सरळ 'एलडॅप आयडी' म्हणतात, ते या सर्व्हरच्या भाषेवरून. ही भाषा अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात घडली आणि १९९३ मध्ये तिचा पहिला मसुदा प्रसिद्ध झाला. पुढे नेटस्केपने बनवलेला सर्व्हर रेड हॅटने विकत घेतला, २००५ मध्ये सर्वांसाठी खुला केला. आज तो '३८९ डिरेक्टरी सर्व्हर' म्हणून फुकट मिळतो. फुकट आहे म्हणून तालुक्याच्या गावातल्या कॉम्प्युटर लॅबलाही परवडतो. पण तो बंद पडला की लॅबमधल्या एकाही मशीनवर कोणाला लॉगिन करता येत नाही.

आता तो बंद कसा पडतो ते पाहा. इथल्याच एका संस्थेतली गोष्ट. कोणीतरी जाणकार आला, पासवर्ड उघडे जायला नकोत म्हणून त्याने एन्क्रिप्शनची सेटिंग चालू करून ठेवली. हेतू चांगलाच होता. पण ही सेटिंग लागू होते सर्व्हर पुन्हा सुरू झाल्यावर, आणि तो पुन्हा सुरू करायचं राहून गेलं. लॅब महिनोन्‌महिने सुरळीत चालली. मग मृगाच्या तोंडावर विजा कडाडल्या, लाइन गेली, यूपीएसची बॅटरी कधीचीच मेलेली. लाइन आली तेव्हा सर्व्हर उठेना. सर्टिफिकेटच्या कुलपाचा पासवर्ड त्याला हवा होता. तो ज्या पिनच्या फाइलमध्ये असायला हवा, ती फाइल कोणी बनवलीच नव्हती. सगळे मात्र विजेला दोष देत बसले. वीज कडाडली जूनमध्ये, बिघाड झाला होता त्याच्या कितीतरी आधी.

असल्या वेळी सर्व्हर मुका नसतो. 'एरर्स' नावाच्या लॉगमध्ये शेवटच्या काही ओळींत तो आपलं दुखणं लिहून ठेवतो. इथेही सिक्युरिटी सुरू करता आली नाही, असं त्याने लिहिलंच होतं. त्याची सगळी सेटिंग 'डीएसई.एलडीआयएफ' या एकाच साध्या मजकुराच्या फाइलमध्ये असते. 'एनएसस्लॅपडी-सिक्युरिटी' या ओळीत 'ऑन'चं 'ऑफ' केलं की सर्व्हर उठतो. पिनची फाइल मग सावकाश बनवावी आणि सेटिंग परत चालू करावी. अर्ध्या घंट्याचं काम. विद्यार्थ्यांची नावं, पासवर्ड वेगळ्या डेटाबेसमध्ये असतात, त्यांना यात कुठे धक्काही लागत नाही. फॉरमॅट मारला असता तर तेच आधी गेले असते.

या सर्व्हरची आणखी एक सोय फार थोड्यांना ठाऊक असते. प्रत्येक वेळी नीट सुरू झाला की तो त्या वेळच्या सेटिंगची एक प्रत 'स्टार्टओके' या शेपटीने शेजारीच ठेवून देतो. बिघडलेली फाइल आधी बाजूला कॉपी करा आणि दोन्ही शेजारी ठेवून फरक पाहा. जुनी प्रत डोळे मिटून चढवू नका. सर्व्हर वर्षभर बंदच झाला नसेल तर ती प्रतही वर्षाची शिळी असणार, आणि मधले चांगले बदलही तिच्यासोबत जातील. शिवाय सर्व्हर चालू असताना या फाइलला हात लावून उपयोग नाही. सेटिंग त्याच्या मेमरीत असते, बंद होताना तो तीच परत लिहितो आणि तुमची दुरुस्ती पुसून टाकतो.

ओपनएलडॅप हा दुसरा डिरेक्टरी सर्व्हर वापरणाऱ्यांची तऱ्हा वेगळी. तिथल्या फाइलींच्या डोक्यावरच 'हाताने बदलू नका' असं बजावलेलं असतं, तरी लोक बदलतात. तिथे 'स्लॅपटेस्ट' ही आज्ञा सर्व्हर सुरू न करताच सेटिंग बरोबर आहे का ते सांगते. बॅकअपवरून सेटिंग परत भरताना ते काम रूट (सर्वाधिकारी) खात्यातून केलं, तर फाइलींची मालकी रूटकडे जाते. मग सगळं बरोबर असूनही सर्व्हर उठत नाही आणि माणूस रात्रभर डोकं खाजवतो. विंडोजच्या अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीलाही दुरुस्तीचा वेगळा मोड आहे. त्याचा पासवर्ड सर्व्हर बसवतानाच ठरवलेला असतो, आणि बसवणारा सहसा नोकरी सोडून पुण्याला गेलेला असतो.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं समजू नका. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सायबरसुरक्षा कंपनीच्या एका सदोष सेटिंग फाइलने जगभरातली सुमारे ८५ लाख विंडोज मशीन्स बसली, आपल्याकडच्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास वाटावे लागले. तिथेही उपाय फॉरमॅट नव्हता. ती एक फाइल काढली की मशीन उठत होतं.

मग आपल्याकडे फॉरमॅटचा एवढा सोस का? माझ्या मते कारण पैशाचं आहे. यवतमाळहून गाडी काढून आलेल्या माणसाला संस्था 'इन्स्टॉलेशन'चे पैसे देते, लॉग वाचल्याचे देत नाही. पंधरा मिनिटांत ओळ बदलून सर्व्हर उठवला तर "एवढंच होतं तर पैसे कशाचे?" असं संस्थाचालकच विचारतात. या प्रश्नाची किंमत पुढे विद्यार्थी मोजतात.

तेव्हा ज्यांच्या ताब्यात असा सर्व्हर आहे त्यांना विनंती: पावसाळ्याआधीच्या एखाद्या सुटीच्या दुपारी बॅकअप घ्या आणि सर्व्हर स्वतःच्या हाताने एकदा बंद करून चालू करा. पुढे कधीही सेटिंग बदलली तर त्याच दिवशी, बदलणारा माणूस समोर असताना, हेच करा. आणि नाहीच उठला, तर फोन करायच्या आधी एरर लॉगच्या शेवटच्या ओळींचा फोटो काढून ठेवा. येणाऱ्याला पैसे द्या ते वाचण्याचे.