चंद्रभागेचं पाणी स्नानायोग्य आहे का? उत्तर मिळेपर्यंत वारी संपलेली असते

आषाढी एकादशीच्या पहाटे चंद्रभागेतून पाण्याची एक बाटली भरून प्रयोगशाळेत पाठवली, तर तिचा पूर्ण रिपोर्ट यायला चतुर्दशी उजाडते. तोवर बहुतेक वारकरी बारस सोडून गावाकडे निघालेले असतात. म्हणजे ज्यांनी त्या पाण्यात स्नान केलं, त्यांना ते कसं होतं हे कळतं तेव्हा उशीर झालेला असतो.

यात प्रयोगशाळा सुस्त आहे असं नाही. जिवाणू वाढायला जितका वेळ लागतो तितका लागतोच. म्हणूनच पाणी कधी तपासलं आणि निकाल लोकांसमोर कधी ठेवला, हे महत्त्वाचं ठरतं. पण आधी ही तपासणी नेमकी होते कशी, ते पाहू.

पंढरपूरपर्यंत येणारं पाणी कुणाचं?

चंद्रभागा म्हणजे भीमाच. पंढरपूरजवळ ती चंद्रकोरीसारखी वळते, म्हणून हे नाव. भीमाशंकरला उगम पावलेल्या या नदीला तुळापूरला इंद्रायणी मिळते. हीच इंद्रायणी देहू आणि आळंदीवरून आलेली असते. पुढे पुण्याचं पाणी घेऊन मुळा-मुठा मिळते, मग उजनी धरण लागतं आणि धरणाखाली नरसिंहपूरला नीरेचा संगम होतो. त्यानंतर पंढरपूर.

थोडक्यात, पुंडलिकाच्या देवळासमोरच्या पाण्यात फक्त पंढरपूरचं सांडपाणी शोधून चालत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ साली देशातल्या ३५१ प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी केली. त्यातले ५३ पट्टे महाराष्ट्रातले होते आणि त्यात भीमेचाही समावेश होता. त्याआधी २०१६ च्या अर्थसंकल्पात राज्य सरकारने 'नमामि चंद्रभागा' योजना जाहीर केली होती.

बाटली भरण्याचेही नियम असतात

पाण्याची तपासणी घाटावरच सुरू होते. जिवाणू मोजायचे असतील तर बाटली निर्जंतुक लागते. झाकणाच्या आतल्या बाजूला बोट लागलं तरी नमुना बाद होऊ शकतो, कारण मग रिपोर्टमध्ये नदीचे जिवाणू आले की हाताचे, हे सांगता येत नाही. बाटलीचं तोंड प्रवाह येतो त्या बाजूला धरून पाणी पृष्ठभागाच्या खालून घेतात. काठावरचा फेस किंवा साचलेलं पाणी घेत नाहीत.

मग बाटली बर्फाच्या पेटीत ठेवतात. उन्हात राहिली तर काही जिवाणू वाढतात, काही मरतात आणि दोन्ही प्रकारांत आकडा खोटा ठरतो. नमुना शक्यतो काही तासांत, फार तर २४ तासांत तपासायला घ्यावा लागतो.

जिवाणू मोजतात की अंदाज बांधतात?

नदीत रोगजंतू शेकडो प्रकारचे असू शकतात. प्रत्येकाची वेगळी चाचणी करणं परवडत नाही. म्हणून प्रयोगशाळा 'फेकल कोलिफॉर्म' हा जिवाणूंचा गट शोधते. हे जिवाणू माणसांच्या आणि जनावरांच्या आतड्यात राहतात. ते पाण्यात सापडले तर विष्ठा पाण्यात मिसळल्याची खूण मिळते. आणि विष्ठा आहे तिथे टायफॉइड, कॉलरा, काविळीचे जंतूही असू शकतात.

पद्धत साधी पण वेळखाऊ आहे. पाण्याचे कमी-जास्त प्रमाण अनेक परीक्षानळ्यांत टाकतात. नळ्यांमध्ये जिवाणूंचं खाद्य असलेलं द्रावण आणि एक छोटी उलटी नळी असते. ३५ अंश सेल्सियसला २४ ते ४८ तास ठेवल्यावर त्या उलट्या नळीत वायूचा बुडबुडा दिसला, तर कोलिफॉर्मचा संशय पक्का होतो. तो नमुना पुन्हा ताज्या द्रावणात घालून ४४.५ अंशांवर आणखी २४ तास ठेवतात. एवढ्या उष्णतेतही वाढले, ते फेकल कोलिफॉर्म. हे झाले दोन ते तीन दिवस.

किती नळ्यांत वायू आला यावरून तक्त्यात पाहून आकडा काढतात. त्याला एमपीएन म्हणतात, म्हणजे 'सर्वाधिक संभाव्य संख्या'. नावातच 'संभाव्य' आहे. पाच-पाच नळ्यांच्या नेहमीच्या चाचणीत खरा आकडा छापलेल्या आकड्याच्या साधारण एक तृतीयांश ते तिप्पट असू शकतो. त्यामुळे २,४०० आला म्हणून पाणी उत्तम आणि २,६०० आला म्हणून विषारी, असा अर्थ काढता येत नाही.

बीओडीलाही तीन दिवस

दुसरा महत्त्वाचा आकडा बीओडीचा. पाण्यातली घाण कुजवताना जिवाणू किती प्राणवायू खातात, ते यातून कळतं. पाण्यातला प्राणवायू आधी मोजतात, मग तेच पाणी बंद बाटलीत अंधारात ठेवून पुन्हा मोजतात. अंधार यासाठी, की उजेडात शेवाळ नवा प्राणवायू तयार करतं आणि हिशोब बिघडतो. अनेक देशांत ही बाटली २० अंशांवर ५ दिवस ठेवतात. भारतात हवामान उष्ण असल्याने २७ अंशांवर ३ दिवसांची पद्धत वापरली जाते.

स्नानाच्या पाण्यासाठी केंद्रीय मंडळाचे निकष असे आहेत: १०० मिलीलीटरमध्ये फेकल कोलिफॉर्म ५०० पर्यंत असावेत, कमाल मर्यादा २,५००. बीओडी लीटरला ३ मिलिग्रॅमपर्यंत. विरघळलेला प्राणवायू किमान ५ मिलिग्रॅम. पिण्याच्या पाण्याचा नियम याहून कितीतरी कडक आहे. तिथे १०० मिलीलीटरमध्ये एकही कोलिफॉर्म चालत नाही. म्हणजे 'स्नानायोग्य' पाणी तीर्थ म्हणून ओंजळीने पिण्यायोग्य असतंच असं नाही.

कुंभमेळ्यात काय झालं?

प्रयागराजच्या २०२५ च्या कुंभमेळ्यात हाच गोंधळ देशाने पाहिला. केंद्रीय मंडळाने राष्ट्रीय हरित लवादाला फेब्रुवारीच्या सुरुवातीला दिलेल्या अहवालात अनेक ठिकाणी फेकल कोलिफॉर्म मर्यादेबाहेर असल्याचं म्हटलं. महिनाअखेरच्या दुसऱ्या अहवालात सगळ्या नमुन्यांचं सांख्यिकी विश्लेषण करून पाणी स्नानायोग्य होतं, असा निष्कर्ष काढला. कारण दिलं ते असं, की एकाच जागी वेगवेगळ्या दिवशी आणि एकाच दिवशी वेगवेगळ्या जागी आकडे फार बदलत होते.

आकडे बदलतात हे खरंच आहे. पण भाविक 'मधल्या' आकड्यात स्नान करत नाही. तो एका ठरावीक दिवशी, एका ठरावीक घाटावर उतरतो.

पंढरपुरातही हेच लागू होतं. उजनीतून पाणी सोडलं की घाण पातळ होते आणि आकडा खाली येतो. गर्दीच्या दिवशी सकाळी आणि दुपारी आकडा वेगळा येऊ शकतो. त्यामुळे फक्त पाणी सोडल्यानंतरचा नमुना दाखवला, तर तो खोटा नसतो, पण अपुरा असतो.

मग करता काय येईल?

पहिली गोष्ट, नमुने एकादशीच्या किमान आठवडाभर आधीपासून रोज, ठरलेल्या वेळी आणि शहराच्या वर, घाटावर आणि खाली अशा ठरलेल्या जागी घेणं. मग दशमीला वारकऱ्याच्या हातात निदान सप्तमीपर्यंतचे आकडे असतील.

दुसरी, स्थानिक प्रयोगशाळांची मदत. सोलापूरला २००४ पासून स्वतंत्र विद्यापीठ आहे आणि परिसरात विज्ञान महाविद्यालयं आहेत. परीक्षानळ्या, ऑटोक्लेव्ह आणि इन्क्युबेटरवर होणारं हे काम रसायनशास्त्र किंवा सूक्ष्मजीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांच्या आवाक्यातलं आहे. कायदेशीर कारवाईसाठी १९७४ च्या जल कायद्यानुसार घेतलेला नमुना आणि अधिकृत विश्लेषकाचा अहवालच लागतो. पण लोकांना वेळेत सावध करायला वर्षभराची शिस्तशीर नोंद पुरेशी उपयोगी आहे.

तिसरी, पिण्याच्या पाण्यावर भर. टँकर आणि नळाच्या पाण्यात क्लोरीन उरलं आहे का, हे सांगणारी ओटी टेस्ट काही मिनिटांत होते. लीटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन हवं. इथे तीन दिवस थांबावं लागत नाही.

पुढच्या वारीला 'चंद्रभागा शुद्ध' किंवा 'चंद्रभागा विषारी' असा मेसेज आला, तर फॉरवर्ड करण्याआधी चार गोष्टी पाहा: नमुना कोणत्या तारखेचा, कोणत्या जागेचा, धरणातून पाणी सोडण्याआधीचा की नंतरचा, आणि मोजलं नेमकं काय. यातलं काहीच लिहिलेलं नसेल, तर तो रिपोर्ट नाही, नुसता मेसेज आहे.