शिष्ट कोण, सज्जन कोण?

दोस्तहो, ‘प्रेमकथा’ हा शब्द उच्चारला की घरात दोन गोष्टी घडतात. ताई-दादा गालातल्या गालात हसतात आणि आईबाबांच्या भुवया वर चढतात. आज मी एका प्रेमकथेचीच शिफारस करणार आहे, आणि तीही आईबाबांच्या देखत!

कादंबरीचं नाव ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’, म्हणजे अभिमान आणि पूर्वग्रह. लेखिका जेन ऑस्टेन. इंग्लंडमधल्या हॅम्पशायरच्या एका पाद्रीबाबांची ही मुलगी, जन्म १७७५ चा. एकविसाव्या वर्षी तिनं ही कादंबरी लिहून पुरी केली. वडिलांनी प्रकाशकाला पत्र पाठवलं, तर त्यानं हस्तलिखित न बघताच नकार कळवला! पुढे बरीच काटछाट करून अखेर २८ जानेवारी १८१३ रोजी पुस्तक बाहेर पडलं. हक्कांचे मिळाले ११० पौंड. पुस्तकावर जेनचं नावसुद्धा नव्हतं.

गोष्ट आहे बेनेट घराण्यातल्या पाच बहिणींची. वडिलांची मिळकत वर्षाला २००० पौंड. पण घर आणि जमीन अशा अटीत बांधलेली, की वारसा फक्त पुरुषालाच मिळणार. म्हणजे बाबांनी डोळे मिटले, की सगळं दूरच्या एका चुलतभावाचं! बऱ्या घरच्या मुलींना तेव्हा नोकरीची वाट जवळजवळ बंदच. म्हणून आईनं लग्नाचा धोशा लावलेला. पहिल्यांदा वाचताना या आईचं फार हसू येतं. हसा खुशाल, पण तिची काळजी खोटी आहे का, तेही विचारा. नायिकेची मैत्रीण शार्लट २७ वर्षांची आहे. डोक्यावर हक्काचं छप्पर हवं, म्हणून ती एका महाकंटाळवाण्या माणसाला होकार देते. तिला नावं ठेवणं सोपं, तिच्या जागी उभं राहणं अवघड.

आता खरी गंमत. आपल्या वर्गात नवा मुलगा येतो, कुणाशी बोलत नाही. पहिल्याच मधल्या सुट्टीत आपण ठरवून टाकतो – शिष्ट आहे! दुसरा येतो, हसून गप्पा मारतो. तो लगेच आपला दोस्त. दुसऱ्या नंबरची बहीण एलिझाबेथ हेच करते. वर्षाला १०,००० पौंड मिळकत असलेला डार्सी नाचाच्या समारंभात तिच्याबद्दल टाकून बोलतो आणि तिच्या ते कानावर पडतं. झालं! मग विकम नावाचा देखणा, गोडबोल्या अधिकारी येतो. ओळख ना पाळख, पण पहिल्याच संध्याकाळी तो तिला आपली करुण कहाणी ऐकवतो. ती म्हणते, बिच्चारा! आपणही म्हणतो, बिच्चारा!

एकूण ६१ प्रकरणं आहेत. पस्तिसाव्यात एक लांबलचक पत्र येतं. कुणाचं, त्यात काय, ते सांगणार नाही. एवढंच सांगतो, की एलिझाबेथ ते पुन्हा पुन्हा वाचते आणि आपण माणसं पारखतो कशी, हे तपासू लागते. तिच्याबरोबर आपल्यालाही मागची पानं उलटावी लागतात. ‘कुणाचं लग्न कुणाशी’ हा प्रश्न आहेच. पण एकदा बनवलेलं मत बदलायला किती हिंमत लागते, हा त्याहून मोठा. या कादंबरीचं पहिलं नाव ठाऊक आहे? ‘फर्स्ट इम्प्रेशन्स’, म्हणजे पहिल्या भेटीतलं मत!

सुरुवातीला नावांचा गोंधळ उडेल. एक युक्ती: नुसतं ‘मिस बेनेट’ म्हटलं, की थोरली जेन, धाकट्यांना नावानं ओळखतात, जशी मिस एलिझाबेथ. पहिली काही प्रकरणं सबुरीनं घ्या. यावर १९९५ मध्ये सहा भागांची मालिका आली, २००५ मध्ये सिनेमा. दोन्ही नंतर बघा, बरं का! शेवट ठाऊक नसताना ही गोष्ट एकदाच वाचता येते.

आणि हो, एक काम. अठरावं प्रकरण संपलं, की वहीच्या मागच्या पानावर डार्सी आणि विकम यांच्याबद्दलचं आपलं मत दोन-दोन ओळींत लिहा. आईबाबा वाचत असतील, तर त्यांनीही लिहावं. पत्र वाचून झालं की वही उघडा. खाडाखोड करायची नाही, हं!