तिसऱ्या नंबरची शर्यत

हा सिनेमा बघून रडणारे दोन प्रकारचे. एक, ज्यांनी बूट कधी वाटून घातले नाहीत. दुसरे, ज्यांनी घातले. पहिले डोळे पुसून म्हणतात, 'अय्या, किती गोड!' दुसरे गप्प बसतात. मला भांडायचंय ते या 'गोड' शब्दाशी.

सिनेमा माजिद मजिदीचा, इराणचा, १९९७ सालचा. आपल्याकडं 'चिल्ड्रन ऑफ हेवन' या नावानं फिरतो. त्याच वर्षी मॉन्ट्रियलच्या महोत्सवात त्यानं पहिलं बक्षीस घेतलं. ऑस्करच्या शेवटच्या यादीत गेलेला इराणचा हा पहिला सिनेमा. १९९९ साली तिथं बाजी मारली इटलीच्या सिनेमानं. बक्षिसं राहू द्या. मी गोदीतला माणूस, मला मोजायची सवय. मी यातला हिशेब बघितला.

सुरुवातच बघा. बूट शिवणारे दोन हात. नावं सरकतायत आणि हात काम करतायत. सुई, दोरा, एक छोटा गुलाबी बूट. आपल्या मुलखात चामड्याला हात लावणाऱ्याची आधी जात विचारतात. इथं कॅमेरा नुसतं काम बघत बसतो. पुढचा सगळा सिनेमा या एका जोडीवर उभा आहे.

अली नऊ वर्षांचा. बहिणीचे, झाहराचे, शिवलेले बूट घेऊन येताना उधारीवर बटाटे घ्यायला थांबतो. तेवढ्यात भंगारवाला कचऱ्याबरोबर बुटांची पिशवीही नेतो. संपलं. घरात भाडं थकलेलं, आई आजारी, बाप कचेरीत चहा देणारा. नवे बूट मागायचे कुणाकडं? पोरं मागतच नाहीत. बापासमोर अभ्यासाला बसतात आणि वहीत लिहून लिहून एकमेकांशी बोलतात. बापाला कळलं तर तो मारेल ही भीती आहेच. पण त्याच्याकडं पैसे नाहीत हे उघडं पडेल, ही त्याहून मोठी भीती. गरिबाची पोरं लहानपणीच बापाची अब्रू सांभाळायला शिकतात. याला गोड म्हणायचं?

मग तोडगा निघतो. झाहराची शाळा सकाळची, अलीची दुपारची. अलीचे कॅनव्हासचे बूट आधी तिनं घालायचे, सुटल्यावर गल्लीत पळत येऊन त्याला द्यायचे, मग त्यानं पळायचं. पाळीत काम करणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. पाळी बदलते, हत्यार एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जातं, हत्यार मात्र थंड होत नाही. इथं पोरांचे पाय बदलतात, बूट तेच. आणि उशीर झाला की दारात उभा राहून जाब विचारणारा माणूस तिथंही आहेच. एका बुटाच्या जोडीवर दोन शाळा चालतात. शिक्षण फुकट असलं तरी शाळेच्या दारापर्यंत पोचायला काय पडतं, ते या सिनेमानं दाखवलं.

एकदा झाहराच्या पायातला बूट निसटून रस्त्याकडेच्या पाटात पडतो. ती पळतेय, बूट वाहतोय. तेहरान शहर डोंगराच्या उतारावर वसलेलं. वर उत्तरेला पैसेवाले, खाली दक्षिणेला कष्टकरी. हे पाट उत्तरेच्या डोंगराचं पाणी शहरातून खाली आणतात. म्हणजे वरच्यांच्या दारावरून गेलेलं पाणी मग खालच्यांच्या दारात. मजिदी यावर भाषण ठोकत नाही. नुसता एक बूट त्या पाण्यात सोडतो.

बाप लेकाला सायकलवर घेऊन त्याच वरच्या भागात बागकाम मागायला जातो. उंच फाटकं, भिंतीतून आवाज येणारी यंत्रं. बापाच्या तोंडून शब्द फुटत नाही. शेवटी पोरगं बोलतं. काम मिळतं, पैसेही मिळतात. परतताना बाप मोठमोठे बेत करतो, अली हळूच झाहराच्या बुटांचं सुचवतो, आणि उतारावर सायकलचे ब्रेक निकामी होतात. कमाई आणि अपघात एकाच रस्त्यावर. आपल्या लोकांना हा रस्ता पाठ आहे.

आता माझी तक्रार. बाप मशिदीसाठी साखरेचे खडे फोडतोय. समोर ढीग पडलाय. पोरगी बिनसाखरेचा चहा आणते. तो त्यातला एक खडा घेत नाही, कारण साखर मशिदीची. थिएटरातले खुर्चीवाले इथं विरघळतात. मला कळत नाही, गरिबानं सोन्यासारखा प्रामाणिक असलंच पाहिजे, तरच त्याच्यासाठी रुमाल निघणार? समजा अलीनं कुठल्या दारातली एक जोडी उचलली असती तर? मग त्याला कान धरून चौकीत नेला असता, आणि हेच रडणारे म्हणाले असते, ही पोरं असलीच. हक्काला चारित्र्याचा दाखला लागत नाही. अनवाणी पाय चोराचे असले तरी ते भाजतातच.

तरी मजिदीला मी खोटा म्हणणार नाही. झाहराला आपले बूट शाळेतल्या एका पोरीच्या पायात दिसतात. भाऊ-बहीण मागोमाग तिच्या घरापर्यंत जातात. दाराआडून बघतात तर तिचा बाप आंधळा. दोघं न बोलता माघारी फिरतात. हे कुणी शिकवलेलं नाही. आपल्याहून ज्याच्याकडं कमी त्याच्याकडनं घ्यायचं नाही, हा वस्तीतला कायदा आहे. मग पुढचा प्रश्न उरतो, ज्याच्याकडं ढीगभर जास्त आहे त्याचं काय? सिनेमा तिथं तोंड मिटतो.

का मिटतो? १९७९ च्या क्रांतीनंतर इराणात पडद्यावर काय दाखवायचं यावर सरकारची करडी नजर. मोठ्यांच्या गोष्टीत शंभर अडथळे. तेव्हा तिथल्या दिग्दर्शकांनी पोरं पुढं केली. कियारोस्तमीनं १९८७ साली एक पोरगा मित्राची वही परत द्यायला गावोगाव पळवला. पनाहीनं १९९५ साली एक पोरगी सोनेरी माशासाठी रडवली. त्याच पनाहीनं पुढं मोठ्यांबद्दल बोलायला घेतलं तर २०१० साली त्याला सहा वर्षांची कैद आणि वीस वर्षं सिनेमाबंदी सुनावली. म्हणजे पोराच्या तोंडून बोलणं ही तिथं नुसती हौस नव्हती.

शेवटची शर्यत ध्यानात ठेवा. तिसऱ्या नंबरला बूट. हजार पोरं पहिल्यासाठी पळतात, अली तिसऱ्यासाठी पळतो. पडतो, उठतो, आणि चुकून पहिला येतो. लोक खांद्यावर घेतात, फोटो काढतात, आणि पोरगं मान खाली घालून रडतंय. मेरिट मेरिट म्हणून कोकलणाऱ्यांना हा सीन दाखवा. कप देतील, टाळ्या देतील, पण तुला काय हवंय हे विचारणार नाहीत. आणि कुणी म्हणेल, रोज पळून पळूनच तो जिंकला, गरिबी माणसाला घडवते. त्यानं आधी अलीच्या पायाचे फोड बघावेत, मग तोंड उघडावं.

२०१० साली प्रियदर्शननं याच गोष्टीवर हिंदीत 'बम बम बोले' केला. बुटाचं दुःख कमी पडलं म्हणून त्यात दहशतवाद घुसडला. मजिदी स्वतः मुंबईत येऊन २०१७ साली 'बियाँड द क्लाउड्स' करून गेला. पुन्हा भाऊ-बहीणच, पण या वेळी बहीण तुरुंगात. आणि २०२० च्या 'सन चिल्ड्रन'मध्ये त्यानं राबणारी पोरं शाळेत घातली, ती शिकायला नाही, शाळेखालून भुयार खणायला. तेवीस वर्षांत त्याचीही पोरं बदलली. त्यांना आता बक्षीस नको, खजिना हवाय.

दोस्तहो, हा सिनेमा वस्तीत लावा, पोरांना दाखवा. बापाच्या सायकलवर नवे बूट येतात ते बघून टाळ्या वाजू द्या. मग दिवा लावा आणि विचारा: बूट आले, भाड्याचं काय? घरमालक उद्या पुन्हा दारात येईल. तेव्हा अलीनं कुठल्या नंबरसाठी पळायचं?