४२ गुण केले, तरी हरले! तुमच्या धंद्यातही असंच चाललंय का?

आज अमेरिकेतल्या एका कॉलेज टीमबद्दल बोलू. धंद्याशी काय संबंध? थांबा, येतो त्यावर.

अमेरिकन फुटबॉलमध्ये आक्रमणाचे अकरा जण वेगळे, बचावाचे अकरा वेगळे. दोन्हींचे कोचही वेगळे. लॉस एंजेलिसच्या यूएससी विद्यापीठाकडे २०२२ मध्ये केलेब विल्यम्स होता. कॉलेज फुटबॉलमधला सगळ्यात मोठा मान, हाइझमन ट्रॉफी, त्या वर्षी त्यालाच मिळाला. टीमने ११ मॅचेस जिंकल्या. बचाव मात्र कच्चा, आणि ते सगळ्यांना दिसत होतं. सीझनची शेवटची मॅच टुलेनविरुद्ध. पाच मिनिटंही उरली नव्हती, १५ गुणांची आघाडी होती. तरी ४६-४५ ने हरले!

मुख्य कोच लिंकन रायली यांनी बचावाचे कोच अ‍ॅलेक्स ग्रिंच यांना तरीही ठेवलं. आधीच्या ओक्लाहोमाच्या टीमपासूनचा त्यांचा माणूस ना! पुढच्या वर्षी कॅलिफोर्नियाला ५०-४९ ने हरवलं. वाटलं, जमतंय. आठवड्याभरात वॉशिंग्टनविरुद्ध ४२ गुण केले आणि ५२ खाल्ले. दुसऱ्याच दिवशी ग्रिंच यांना काढलं.

माझ्या मते यात ग्रिंचपेक्षा रायलींची चूक मोठी. जिंकलेल्या ११ मॅचेसनी त्यांना गाफील ठेवलं.

आता तुमच्याकडे या. विक्री म्हणजे तुमचं आक्रमण. उधारी, खराब होणारा माल, हिशोबात न दिसणारा खर्च, हा तुमचा बचाव. मला प्रश्न येतात ते "सर, सेल कसा वाढवू?" असेच. वसुलीचं कोणी विचारतच नाही, कारण तिथे ओळखीच्या माणसाला तोंडावर पैसे मागावे लागतात. पण २० टक्के मार्जिनवर १०,००० रुपये बुडाले, तर ते भरून काढायला ५०,००० ची नवी विक्री लागते. दिवाळीत गल्ला भरलेला असतो तेव्हा हे खड्डे दिसत नाहीत, एवढंच.

"पुढच्या सीझनला बघू" म्हणणाऱ्यांसाठी: यूएससीने २०२४ ला नवा कोच आणला, बचाव सुधारलाही. पण तोवर विल्यम्स एनएफएलमध्ये गेला होता. त्या वर्षी ७ जिंकल्या, ६ हरल्या.

आज दुकान बंद करताना उधारीची वही काढा. ९० दिवसांपेक्षा जुनी नावं वेगळी लिहा, आणि पहिला फोन सगळ्यात जवळच्या माणसाला करा.