डिकी आतूनही उघडते

गणपती तोंडावर आले आहेत. कार्यक्रमपत्रिका आणि जेवणाच्या कूपनांची माहिती मधल्या पानांवर आहेच, त्यामुळे इथे वेगळ्याच विषयावर लिहितो. विषय आहे गाडीची डिकी.

आपल्या मंडळाचा अर्धा संसार वर्षभर कुणाच्या ना कुणाच्या डिकीत असतो. मखराच्या चौकटी, घडीच्या खुर्च्या, झांजांची पिशवी, शिवाय कागदी ताटल्यांचे ते न संपणारे गठ्ठे. उत्सवाच्या दिवशी शाळेच्या पार्किंग लॉटमध्ये या डिक्या तासन्‌तास सताड उघड्या असतात. मोठी माणसं सामान घेऊन आत-बाहेर करत असतात आणि त्याच वेळी गाड्यांच्या मधून पोरांची लपाछपी रंगात आलेली असते. लपायला डिकीइतकी झकास जागा दुसरी नाही, हे मुलांना सांगावं लागत नाही.

1998 च्या जुलै-ऑगस्टमध्ये, अवघ्या तीन आठवड्यांत, अमेरिकेत 11 मुलं अशीच गेली. न्यू मेक्सिको, पेनसिल्व्हेनिया आणि युटा या राज्यांतल्या या तीन वेगवेगळ्या घटना. कुणी कोंडलं नव्हतं. खेळता खेळता मुलं आत शिरली, झाकण पडलं आणि आतून उघडायला काहीच नव्हतं. उन्हात उभ्या गाडीत लहान मुलाचं अंग मोठ्या माणसाच्या तीन ते पाच पट वेगाने तापतं. डिकीत तर खिडकीही नाही आणि आतली हाक बाहेर धड ऐकू येत नाही.

त्याच्या तीन वर्षं आधी, 1995 मध्ये, सॅन फ्रान्सिस्कोत लुटारूंनी जॅनेट फेनेल आणि त्यांच्या नवऱ्याला त्यांच्याच गाडीच्या डिकीत कोंडून नेलं होतं. तान्हं बाळ मागे राहिलेलं. अंधारात चाचपडताना फेनेलबाईंच्या हाताला कुलपाची केबल लागली, म्हणून दोघं सुटले. बाळही सुखरूप सापडलं. पुढे बाईंनी एकच ध्यास घेतला: प्रत्येक डिकीत आतून उघडायची सोय हवी. वाहन कंपन्या आणि सरकार दोघांच्याही त्या मागे लागल्या. मुलांच्या त्या उन्हाळ्यातल्या मृत्यूंनंतर सरकारने तज्ज्ञांची समिती नेमली, ऑक्टोबर 2000 मध्ये नियम झाला आणि 1 सप्टेंबर 2001 पासून अमेरिकेत विक्रीसाठी बनणाऱ्या, डिकी असलेल्या प्रत्येक मोटारीत ही सोय सक्तीची झाली. नियमांच्या पुस्तकात तो 401 क्रमांकाने आहे. एवढी साधी गोष्ट करायला इतकी वर्षं आणि इतके जीव का लागावेत, याचं पटणारं उत्तर मला अजून मिळालेलं नाही.

ती सोय आज संध्याकाळी जरा बघून घ्या. झाकणाच्या आतल्या बाजूला, कुलपाजवळ, बहुतेक गाड्यांत इंग्रजी टी अक्षरासारखी फिकट पिवळसर-हिरवी प्लॅस्टिकची मूठ लोंबत असते. उघड्या डिकीतून उडी मारणाऱ्या माणसाचं चित्र तिच्यावर कोरलेलं असतं. उजेड शोषून ती अंधारात चमकते. ओढली की झाकण सुटतं. बॅटरी चालू आहे की नाही याच्याशी केबलवाल्या मुठीचा संबंध नसतो. इलेक्ट्रिक गाड्यांच्या पुढच्या डिकीलाही हाच नियम लागू आहे, तिथे चमकणारं बटण दिसेल.

पण मूठ असून भागत नाही. तीन-चार वर्षांच्या मुलाला त्या चित्राचा अर्थ कसा लागणार? घाबरलेलं मूल तर दिसेल ते ओढण्याऐवजी रडत बसेल. म्हणून आधी दाखवून ठेवायला हवं, आणि आतमध्ये बंद करून मुळीच नाही. मागची सीट पाडा, मुलाला कॅबिनमध्ये घ्या, डिकी बंद करा आणि पाडलेल्या सीटवरून तुमच्यासमोरच मुठीपर्यंत सरकून त्याला ती ओढू द्या. झाकण फटकन वर गेलं की काय खूश होतात! अर्थात हीच पाडलेली सीट मुलांची आत शिरायची वाट असते, तेव्हा नंतर ती आठवणीने वर करून अडकवा. आणि मुठीला पिशव्या टांगू नका, खुर्च्यांच्या ढिगाखाली ती गाडूही नका.

पाडलेल्या सीटच्या याच वाटेचा मोठ्यांनाही उपयोग आहे. बॅटरी मेली की रिमोट आणि डॅशबोर्डवरचं बटण दोन्ही गप्प, आणि नैवेद्याचे मोदक नेमके डिकीत! रिमोटच्या पोटातल्या छोट्या किल्लीने दार उघडा, सीट पाडा आणि मूठ ओढा. जुन्या कोरोला-कॅमरीवाल्यांचं सोपं आहे, ड्रायव्हरच्या डाव्या अंगाला जमिनीलगत खटका असतो. काही गाड्यांत मात्र सीट पाडायची कळच डिकीच्या आत असते. ती रचना ज्याने केली त्याला एकदा भेटायचं आहे. एसयूव्ही आणि मिनीव्हॅनला बंद डिकी नसल्यामुळे हा नियम लागू नाही, तरी अनेकांच्या मागच्या दारावर आतून एक छोटं झाकण असतं, त्यामागे कुलूप सोडवायची कळ सापडते. मॅन्युअल उघडून बघा.

2001 च्या आधीची गाडी कॉलेजच्या मुलाला स्वस्तात घेऊन दिली असेल, तर तिच्यात मूठ नसण्याची शक्यता धरून चाला. भारतातल्या गाडीला अमेरिकेचा नियम लागू नाही, त्यामुळे डिसेंबरात नातवंडं आजोळी गेली की तिथली डिकी तपासल्याशिवाय आत मूठ असेलच असं गृहीत धरू नका. इथे आलेल्या आजी-आजोबांनाही ही मूठ दाखवून ठेवा. दुपारी मुलं त्यांच्याच ताब्यात असतात. मूल दिसेनासं झालं तर शेजारी शोधण्याआधी पोहण्याचा तलाव आणि गाडी, डिकीसकट, बघायची हेही त्यांना सांगा.

यंदा सामान उतरवताना पार्किंग लॉटमध्ये दोन स्वयंसेवक फक्त एवढ्याच कामाला हवे आहेत: रिकामी झालेली डिकी लगेच लावायला सांगायची, आणि लावण्यापूर्वी आत डोकावायचं. आरतीची पहिली पाळी त्यांनाच मिळेल. नावं कार्यकारिणीकडे द्या.

— संपादक