नागलीचे दोन भाव

शहरांतील सुखवस्तू वस्त्यांमध्ये किराणा मालाची जी खास दालने अलीकडे निघाली आहेत, तेथे नाचणी, वरी, राळे आणि ज्वारी यांना आता मानाची जागा मिळाली आहे. नाचणीचे डोसे, ज्वारीच्या शेवया, राळ्यांचा पुलाव असे पदार्थ हौसेने घरी केले जात आहेत. ज्या धान्यांना सरकारी दप्तरात वर्षानुवर्षे ‘भरड’ म्हणून हिणवले गेले, त्यांना केंद्र सरकारने २०१८ साली ‘पौष्टिक तृणधान्ये’ ही पदवी बहाल केली. पुढे भारताच्याच प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रसंघाने २०२३ हे वर्ष त्यांच्या नावे साजरे केले.

घरच्या चुलीवर हे धान्य परत आले, याबद्दल कोणाला दोष देण्याचे कारण नाही. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. तेवढ्याच पॉलिश केलेल्या तांदळात ते दहा मिलिग्रॅमही भरत नाही. आक्षेप या स्वयंपाकाला नाही. ज्यांनी पिढ्यान् पिढ्या हे धान्य पिकविले आणि त्यावरच लेकरे वाढविली, त्यांच्या ताटातून ते का निघून गेले आणि शहरातल्या फळीवर ते चढले तेव्हा त्याचा लाभ कोणाच्या पदरात पडला, हा खरा प्रश्न आहे.

या प्रश्नाचे उत्तर लोकांच्या आवडीनिवडीत नाही, धोरणात आहे. १९६५ साली अन्न महामंडळ आणि कृषिमूल्य आयोग स्थापन झाले. त्यानंतर सरकारी खरेदी, गोदामे, पाटबंधारे, खते आणि संशोधन या सर्वांचा ओघ गहू आणि तांदूळ या दोन धान्यांकडे वळला. देशाची भूक भागविण्यास त्याचा उपयोग झाला, हे नाकारता येणार नाही. परंतु कोरडवाहू आणि डोंगराळ शेतीला या हिशेबात स्थान मिळाले नाही. १९७२ च्या दुष्काळात ज्वारीच्या या मुलखाला परदेशातून आलेली तांबडी मिलो खावी लागली. त्यातूनही धडा घेतला गेला नाही. महाराष्ट्रातील ज्वारीचे क्षेत्र त्या काळाच्या तुलनेत आज निम्म्याहूनही खाली आले आहे.

दुसरे कारण स्त्रियांच्या श्रमाचे आहे आणि आपल्या चळवळीनेही त्याकडे पुरेसे लक्ष दिलेले नाही. वरी कांडावी लागते, नागली दळून आणावी लागते, भाकरी उकड काढून, मळून, एकेक थापावी लागते. दिवसभर मजुरी करून आलेल्या बाईने रेशनचा तांदूळ चुलीवर चढविणे पसंत केले, तर तिला परंपरेची थोरवी ऐकविण्याचा अधिकार कोणालाही नाही. शहरातील दुकान पिठाच्या पुड्यात वस्तुतः हेच श्रम बांधून विकते. ते विकत घेण्याची ऐपत जव्हार-मोखाड्याच्या बाईपाशी नाही, एवढाच फरक.

आता भावाकडे पाहू. २०२५-२६ च्या खरिपासाठी नाचणीचा हमीभाव क्विंटलला ४,८८६ रुपये, म्हणजे किलोला एकोणपन्नास रुपयांहून थोडा कमी, आणि बाजरीचा २,७७५ रुपये जाहीर झाला. परंतु जेथे खरेदी केंद्रच उघडत नाही, तेथे हमीभाव हा कागदावरचा आकडा ठरतो. डोंगरातला शेतकरी गरजेपोटी सुगीच्या तोंडावरच नागली व्यापाऱ्याला घालतो. साफसफाई, दळण आणि सुबक वेष्टन यांनंतर तीच नागली कितीतरी अधिक भावाने विकली जाते. मधल्या मूल्यवृद्धीत पिकविणाऱ्याचा वाटा नाही. ज्या मोखाडा-जव्हार पट्ट्यात ही नागली पिकते, त्याच पट्ट्यातील वावर-वांगणीचे बालमृत्यू १९९२-९३ साली महाराष्ट्राने पाहिले आहेत.

यावर उपाय नाही असे नाही. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानेच भरड धान्य रुपया किलोने देण्याची तरतूद केली होती आणि जानेवारी २०२३ पासून या कायद्याखालील धान्य मोफत आहे. कर्नाटक सरकार नाचणी हमीभावाने खरेदी करून दक्षिणेकडील जिल्ह्यांत रेशनवर देते. ओडिशाने २०१७ पासून आदिवासी जिल्ह्यांत अशीच खरेदी उभारली आणि काही जिल्ह्यांत अंगणवाडीच्या मुलांना नाचणीचे लाडू दिले. महाराष्ट्रात आदिवासी विकास महामंडळ १९७२ पासून अस्तित्वात आहे. यंत्रणा आहे, हवी आहे ती तिला कामाला लावणारी इच्छाशक्ती.

म्हणून मागण्या नेमक्या असाव्यात. नागली-वरीच्या पट्ट्यात सुगीपूर्वी खरेदी केंद्रे उघडावीत. खरेदी केलेले धान्य त्याच जिल्ह्याच्या रेशन दुकानांत आणि अंगणवाड्यांत जावे. बाजरीचे पीठ थोड्याच दिवसांत कडवट होते, दाणा मात्र टिकतो. म्हणून वाटप दाण्याचे व्हावे आणि मोठ्या गावांत स्त्रियांच्या सहकारी संस्थांना कांडण-दळणाची यंत्रे मिळावीत. तेणेकरून बाईचे श्रम वाचतील आणि मूल्यवृद्धीही गावात राहील. शहरातील सहानुभूतिदारांनाही येथे काम आहे: नाचणी घ्यावयाचीच तर अशा संस्थांकडून थेट घ्यावी.

येत्या ग्रामसभांत कार्यकर्त्यांनी हा विषय ठरावाच्या रूपाने मांडावा. श्रीमंताच्या घरी नाचणीचा डोसा होतो याचा राग धरून काही साधणार नाही. नागली पिकविणाऱ्याच्या मुलाला सकाळी आंबील मिळते की नाही, याचा जाब मात्र शासनाला द्यावाच लागेल, आणि तो मागण्याचे काम आपले आहे.